कपातली वर्तुळं

ताईच्या कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठत होती. टेबल स्थिर होतं. तिने फक्त बोटं कपाला लावली होती.

स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी टाकून ती पातळ सुती साडीत बसली होती. बाहेरच्या खोलीत भाऊ, भावजय आणि भाची शाली पांघरून हीटरभोवती बसली होती.

"आत्या, दार लावते हं. तुझ्या खिडकीतून वारा येतोय," म्हणत भाचीने दार ओढून घेतलं.

दारापलीकडे बोलणं चालूच राहिलं. भावजयीच्या आईला दवाखान्यातून इकडे आणायचं होतं. त्यांना उठवा-बसवायला कोणीतरी हवं होतं.

"बाई कशाला ठेवायची? ताई आहे ना," भाऊ म्हणाला. "तिला झोप येतेच कुठे!"

"वन्संच्या पायाला भिंगरीच आहे," भावजय हसली. "बसवून ठेवलं तर आजारी पडतील."

ताईचा हात गळ्याकडे गेला. डॉक्टरीणबाईंनी तिथेच बोट टेकवून सांगितलं होतं, "इथे एक लहानशी ग्रंथी असते, अंगाचा वेग ठरवणारी. तुमच्या ग्रंथीत गाठ आहे आणि ती रक्तात नको तेवढं संप्रेरक सोडते आहे. म्हणून हात कापतात, थंडी वाजत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. झोपेतसुद्धा तुमचं हृदय जिना चढत असतं. आधी गोळ्या घ्या, मग ऑपरेशन करू."

"मग मी मंद होईन का हो?"

"तुम्ही तुमच्यासारख्या व्हाल, इतकंच."

आपण कशा होतो, हे ताईला आठवेना. धावणं थांबलं तर या घरात आपल्याला हाक कशासाठी मारतील, हेही कळेना. गोळ्यांची पाकिटं तिने तशीच डब्यांमागे सारून दिली होती.

"ताई, अजून एकदा चहा टाकतेस का गं?" भावाने बाहेरच्या खोलीतूनच विचारलं.

ती सवयीने उठली. पातेलं ओट्यावर ठेवलं. एवढ्यानेच छातीत धडधडू लागलं. ओट्याला धरून ती क्षणभर उभी राहिली. मग पातेलं तिथेच सोडून तिने दार उघडलं. उबदार हवा तोंडावर आली.

"आत्या, दार!" भाची शाल ओढत ओरडली.

ताईने दार लावलं नाही.

"मी गळ्याचं ऑपरेशन करून घेणार आहे," ती म्हणाली. "नंतर काही दिवस माझा चहा कोणीतरी करावा लागेल."