मागे उभा असलेला माणूस

“अजून दोन शेड डार्क,” रामेश्वर म्हणाला.

उझैरने माऊस सरकवला. स्क्रीनवरच्या माणसाचं कपाळ काळवंडलं, गालांखालच्या सावल्या खोल गेल्या. अमेरिकेतल्या कुठल्याशा जिल्ह्यातला हा कृष्णवर्णीय उमेदवार पेशाने शाळामास्तर होता. मूळ फोटोत चांगला हसतमुख, देखणा. आता तो पोलिसांनी आत्ताच पकडून आणल्यासारखा दिसू लागला.

२००२ सालचा ऑक्टोबर होता. दुबईत, अल मनखूलमधल्या त्या चार टेबलांच्या ऑफिसात अमेरिकेची कामं स्वस्तात होत. कॅटलॉग, हॉटेलांची मेनूकार्डं, आणि या महिन्यात निवडणुकीची पत्रकं. उझैर पूर्वी शारजाला, रोल्ला भागातल्या एका स्टुडिओत नवऱ्यामुलींचे चेहरे उजळून द्यायचा. चेहरा काळा करायचं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं.

“सर, पण हा माणूस असा नाहीये.”

“तो कसा आहे, हे आपल्याला कोण विचारतंय?” रामेश्वरने खुर्ची जवळ ओढली. “पत्रकं मागवणाऱ्या हॅलोरन साहेबांची स्ट्रॅटेजी समजून घे. मास्तरच्या विरोधातल्या त्यांच्या पार्टीला गोऱ्या वस्त्यांतली मतं हवीत. आणि तिथले अर्धे लोक या मास्तरालाच मत देणार आहेत. मग काय करायचं? काळा आहे म्हणून देऊ नका, असं लिहायचं? तो शब्द छापला की खलास, पेपरवाले फाडून खातील. म्हणून लिहायचं फक्त एवढंच, ‘तुमची मुलं सुरक्षित आहेत का?’ बाकीचं फोटो बोलतो.”

उझैरने माऊस सोडून दिला.

“आणि मास्तरच्या मागे एक माणूस उभा हवाय. दाढीवाला. गेल्या वर्षी न्यूयॉर्कला जे झालं, त्यानंतर नुसती दाढी पुरते. साहेब म्हणाले, तुमच्याकडे असे पुष्कळ असतील ना?”

“हे माझ्याकडून नाही होणार, सर.”

“व्हिसा कंपनीचा आहे, हबीबी,” रामेश्वर हळूच म्हणाला. “तुझाही आणि माझाही.”

माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. बिल्डिंगचा वॉचमन खैरुद्दीन हा म्हसळ्याचा, साठीकडे झुकलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा. फोटोचं विचारताच त्याने दहा मिनिटं मागून घेतली आणि इस्त्रीचा कुर्ता घालून, अत्तर लावून गच्चीवर आला.

“अमेरिकेत छापणार?” त्याने उझैरला विचारलं.

“हो, चाचा.”

“मग नीट काढ हां.”

तो भिंतीपुढे ताठ उभा राहिला आणि तोंडभर हसला. उझैरने बटण दाबलं.

“हसू नका, चाचा,” रामेश्वर म्हणाला. “जरा रागानं बघा.”

“राग कुणाचा?”

रामेश्वरने उझैरला पुन्हा बटण दाबायची खूण केली. सात-आठ फोटोंनंतर उन्हानं डोळे बारीक होऊन खैरुद्दीनचा चेहरा थोडासा आक्रसला. “बस, हाच,” रामेश्वर म्हणाला.

उझैर खाली आला, कॉम्प्युटरपुढे बसला आणि त्याने तो फोटो पुसून टाकला. त्याच्या मागचे पुढचे सगळे पुसले. फक्त पहिला ठेवला. या हसण्याला कोण घाबरेल? कुणीही बघितलं तरी म्हणेल, नातवंडांत रमणारा म्हातारा आहे. त्याने तोच मास्तरच्या खांद्यामागे बसवला, बाकीचे हलले होते असं रामेश्वरला सांगितलं आणि फाइल पाठवून दिली. दोन दिवसांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमेरिकेतून फोन आला. रामेश्वरने स्पीकर लावला.

“मागच्या माणसाचा फोटो कोणी निवडला?” हॅलोरन साहेबांनी विचारलं.

रामेश्वरने उझैरकडे बोट केलं, जणू साहेबांना ते दिसणार होतं.

“मी, सर,” उझैर म्हणाला. जे व्हायचं ते होऊ दे, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

“कमाल केलीस!” साहेबांचा आवाज प्रेमळ होता. “रागावलेले चेहरे लोकांनी टीव्हीवर पुष्कळ पाहिलेत. पण हा हसतोय. जणू आपल्या घराचा पत्ता त्याला माहीत आहे. मी बायकोला दाखवला, तर तिनं आधी उठून दाराला कडी घातली. कालच छापायला दिलंय. त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात पोस्टानं जाईल.” ते थांबले. “अजून पाच जिल्ह्यांत हेच करायचंय. असे चेहरे आणखी मिळतील?”

“भरपूर, सर,” रामेश्वर म्हणाला. फोन ठेवून त्याने लगेच खाली वॉचमनच्या केबिनचा इंटरकॉम लावला.

उझैर तासभर जागेवरून उठला नाही. समोर स्क्रीनवर काळा केलेला मास्तर होता आणि त्याच्या खांद्यावरून खैरुद्दीन हसत होता. त्याने खूप वेळ त्या हसण्याकडे बघितलं. मग त्यालाही तिथे काहीतरी दिसायला लागलं, तसा तो दचकून उठला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली धावला.

तळमजल्यावर भिंतीला लागून सहा दाढीवाले रांगेत उभे होते. खैरुद्दीनच्या खोलीतले, शेजारच्या खोलीतले. सगळ्यांनी केस पाणी लावून विंचरले होते. एकाने कुणाचा तरी टाय मागून आणला होता.

“चाचा, यांना परत पाठवा,” उझैर धापा टाकत म्हणाला. “फोटो नकोत कुणाचे.”

“नकोत कसे? वरून रामेश्वर साहेबांचाच फोन आला, माझा फोटो तिकडे फार आवडला म्हणाले.” खैरुद्दीनने पुढच्याची कॉलर सरळ केली. “तू काळजी करू नको. तिकडे काय आवडतं ते मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.” तो रांगेकडे वळला. “करून दाखवा रे एकदा.”

सहाही जण उझैरकडे बघून हसले.