‘अ’ आणि ‘द’

लेकीकडे, रीमकडे, जायला व्हिसा हवा होता. अम्मानमधल्या दूतावासाच्या खिडकीपाशी मी इंग्रजीत म्हणालो, “अ वाइफ डाइड.”

खिडकीतल्या बाईंनी मान वर केली. “एक बायको वारली? मग बाकीच्या कुठे असतात, हाजी?”

“बाकीच्या नाहीत, बाई. एकच होती. कुणाचा विषय पहिल्यांदा निघाला की ‘अ’ लावायचा. ऐकणाऱ्याला ते माणूस माहीत झालं, की मग ‘द’. आपल्या अरबीत तो ‘अ’ नाहीच, म्हणून मी सगळं पाठ करून ठेवलंय.”

“पाठ केलेली उत्तरं मी रोज ऐकते. खोटं निघालं तर व्हिसा विसरा. खरं सांगा, कुणी पढवून पाठवलंय तुम्हाला?”

“द वाइफ,” मी म्हणालो.