कुणाला न विचारता

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला तेव्हा रामहरीनं टेबलावर मूठ आपटली. पडद्यावर आण्णासाहेबांचा हात जोडलेला फोटो होता, तो गेला. पंख्याची घरघर थांबली आणि दुकानात एकदम शांत झालं.

"परत?" बाकड्यावर बसलेले आण्णासाहेब म्हणाले. "उद्या वाढदिवस हाय माझा, रामहरी. आज चौकात बॅनर चढलाच पायजे."

"मलाबी दिसतंय."

कळंबच्या बाजारातलं हे फ्लेक्सचं दुकान प्रतीक्षानं चालवलेलं. बॅनर ती बनवायची, तिचा नवरा रामहरी बांबूच्या चौकटी ठोकायचा आणि बॅनर चढवायचा. ती गेल्यापासून तो तिच्याच जुन्या फायलीतली नावं आणि फोटो बदलून कसंबसं भागवत होता.

प्रतीक्षाचा धाकटा भाऊ इंद्रजित कॉम्प्युटर दुरुस्त करायचा; रामहरीनं त्याला सकाळीच बोलावून घेतलं होतं. त्यानं खाली बसून कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं तशी गरम वाफ तोंडावर आली. समोर आडत बाजार. सोयाबीनचा सगळा फुफाटा पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत गच्च बसला होता.

"दाजी, पंखा कवापासून ओरडत होता?"

"लई दिवस झाले. म्या म्हणलं, खराब झालाय. बदलून टाकावा."

"पंखा ठणठणीत हाय. आत तापलं की त्यो जोरात फिरतो, थंड करायला. ओरडत होता म्हणजे काम करत होता. पर हवाच जाईना तर त्यो तरी काय करील? मग प्रोसेसर आपणहून हळू चालतो. तरीबी ताप उतरला न्हाय तर सगळंच बंद पडतं."

"आपोआप?"

"आपोआप. ताप शंभर डिग्रीच्या आसपास गेला की खटकन. काम कुणाचं हाय, किती ऱ्हायलंय, कुणाला विचारत न्हाय. न्हायतर जळून जाईल की."

"कुणाला विचारत न्हाय," रामहरी म्हणाला.

इंद्रजितनं ब्रशनं धूळ काढली. पंखा पात्यांसकट उचलून खाली बघितलं आणि मान हलवली. "प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत झालीय. ती नसली तर ताप पात्यांपर्यंत पोचतच न्हाय. माझ्याकडची संपलीय. लातूरवरनं सकाळी येईल."

"सकाळी?" आण्णासाहेब पुढं सरकले. "आरं, ते बंद पडायचंच काढून टाक की. असंल काहीतरी सेटिंग."

इंद्रजितनं डोकं खाजवलं. "तापाची मर्यादा जरा वर सरकवता येईल. एवढा बॅनर निघंल. पर मागून मशीनचा भरवसा न्हाय."

"निघंल न्हवं? मग कर." आण्णासाहेब हसले. "रामहरी, तुझी बायको असती तर आतापतूर दोन बॅनर हातात दिले असते. काय बाई होती! मेळाव्याच्या टायमाला अंगात ताप होता तरी माझ्या कामाला बसली. एका शब्दानं न्हाय म्हणली न्हाय."

इंद्रजितच्या हातातला ब्रश थांबला.

मेळाव्याचे बॅनर. आण्णासाहेबांचे फोनवर फोन. तापाच्या गोळ्या घेऊन ती बसत राहिली. शेवटचा बॅनर पाठवून उठली ती याच खुर्चीपाशी कोसळली. धाराशिवच्या दवाखान्यातून परत आली नाही.

"तिच्या श्रद्धांजलीचा बॅनर तुम्हीच लावला, आण्णासाहेब," रामहरी म्हणाला.

"मग! भर चौकात लावला."

"म्याच चढवला त्यो. दुसरा कुणी चढवणारा न्हवता."

"हां, मग?"

"तुमचा फोटो माझ्या छातीएवढा होता. तिचा माझ्या तळहाताएवढा. खाली लोक थांबून मला इचारत होते, आण्णासाहेबांना काय झालं म्हणून."

आण्णासाहेब उभे राहिले. "जीभ सांभाळ."

"आजपतूर सांभाळलीच की. तिनंबी सांभाळली."

"दाजी, जाऊ द्या," इंद्रजित हळूच म्हणाला. "एवढं एक काम काढून देऊ. आण्णासाहेबांशी कशाला..."

"तू गप बस. तिला ताप होता तवाबी गपच बसला होतास." रामहरीचा आवाज चढला. "मर्यादा हाय तिथं ऱ्हाऊ दे. हात लावलास तर दुकानाची पायरी चढू नगंस."

इंद्रजितनं ब्रश खाली ठेवला. त्याचे डोळे भरले होते. रामहरीनं तिकडं बघितलं नाही.

"दुसरीकडं जातो मी," आण्णासाहेब म्हणाले. "दुकानं काय कमी हायेत?"

"जावा."

ते दारापर्यंत गेले आणि थांबले. गावोगावच्या सगळ्या कार्यकर्त्यांचे फोटो याच डब्यात होते. ते परत फिरले. आवाज जरा खाली आला होता. "बरं, बॅनर ऱ्हाऊ दे. नुसतं चालू कर आणि फोटो पेनड्राइव्हवर टाकून दे. किती वेळ लागणार हाय?"

"थंड झाल्यावर."

"आरं, पर कधी?"

रामहरी उघड्या डब्याशी मांडी घालून बसला. त्यानं हात उलटा करून, आजारी माणसाचं कपाळ बघावं तसा, त्या पात्यांना लावला. आण्णासाहेब उभे होते, इंद्रजित उभा होता. रामहरीनं हात तिथंच ठेवला.

"आजून ताप हाय," तो म्हणाला.