टेकडीला पैकीच्या पैकी

टेकडीला धक्काही न लावता तिच्यात मिसळून जाणारं संग्रहालय आर्किटेक्ट साहेबांनी ऑफिसातल्या स्क्रीनवरच उभं केलं होतं. प्रत्यक्ष जागेवर ते आज पहिल्यांदाच आले, तेही पुरस्कार समितीचे तीन परीक्षक सोबत होते म्हणून. ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि चौघंही गवतातून वर चढायला लागले.

"छपरावरचं गवत काय जमलंय," पहिले परीक्षक म्हणाले. "पायाखाली इमारत आहे असं वाटतच नाही."

दुसऱ्या परीक्षक बाईंनी एका खडकावरून हात फिरवला. "हा तर अगदी खऱ्यासारखा वाटतो हो."

तिसऱ्यांनी जरा भीत भीतच विचारलं, "पण दार कुठाय?"

दार साहेबांनाही सापडत नव्हतं. तरी ते मंद हसले. "दार दिसलं, तर मग इमारत मिसळली कुठे?"

यावर तिघांनीही माना डोलावल्या आणि तिथल्या तिथे पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले.



खडकाच्या सावलीत शेळ्या राखत बसलेली मावशी इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "साहेब, ही नुसतीच टेकडी आहे. संग्रहालयासाठी फोडली ती पलीकडची."