सायबिणीचा खुराक

ही गोष्ट २०१७ सालची. फेब्रुवारी महिना, हरभरा घाट्यावर आलेला. पुसदजवळच्या तांड्यात पूनमसिंगांची घोडी सकाळपासून घामाने निथळत उभी होती. मागचे पाय थरथरत होते. चार दिवसांपूर्वीच ती व्यायली होती.

पुण्याच्या शर्यतीत पळून थकलेली ही घोडी. कडब्याकडे पाहून नाक मुरडायची, म्हणून तांडा तिला सायबीण म्हणे. पळ आईच्या पोटातून येतो, असं पूनमसिंग म्हणत. तिच्यासाठी काटक नर शोधायला ते महिनाभर हिंडले होते. शिंगरू झालं ते लांब पायांचं, मादी.

घोडं विकत घेण्याआधी लोक त्याचे दात पूनमसिंगांना दाखवत. त्यांनी मान हलवली तरच सौदा होई.

डॉक्टर धर्मपालांनी घोडीच्या छातीवरची नळी काढली. "काळीज थकलं हिचं. खायला काय घातलं?"

"जव, गाजर, भिजवलेले चणे," पूनमसिंग म्हणाले. तीन दिवस ते भाच्याच्या लग्नाला कळंबला होते, रात्रीच परतले होते.

डॉक्टरांनी गव्हाणीत हात घातला. मुठीत भुरकट गोळ्या आल्या.

"हे म्हशीचं खाद्य. यातलं औषध म्हशीला मानवतं, घोड्याला विष आहे. कोणी टाकलं?"

कुडाशी उभ्या पूनमसिंगांच्या बायकोचा, बिजलीबाईंचा चेहरा उतरला. घोडीला दूध कमी होतं. शिंगरू सारखं ढुसण्या देत होतं. बाळंतिणीला घरातलं चांगलं ते घालायचं, एवढंच त्यांना ठाऊक. म्हैस व्याली की जे घालत, तेच त्यांनी तीन संध्याकाळी घोडीला घातलं होतं. वर गुळाचा खडाही.

त्यांनी तोंड उघडलं, पण नवरा आधी बोलला.

"मीच सांगून गेलतो तिले. दूध वाढावं म्हणून."

जमलेल्या माणसांतला बाबुलाल आपली घोडी पूनमसिंगांच्या सल्ल्याने फळवणार होता. तो पुढे आला.

"काय पूनमभाऊ! दात पाहून वय सांगता, अन् पोटात काय जाते थे नाही समजत? कायले घोडे पाळता मंग?"

"चुकलं," पूनमसिंग म्हणाले.

"माह्यं ऐकून घ्या, साहेब..." बिजलीबाई डॉक्टरांकडे वळल्या.

"तू शिंगरू पाह्य," पूनमसिंगांनी त्यांना अडवलं. "भुकेलं असन थे."

त्या गेल्या. दुपारी घोडी गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली. पूनमसिंगांनी शेवटपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

शिंगरू शेळीच्या दुधावर जगलं. पुढे महागावकडच्या एका बँडवाल्याने ते नेलं. आता ती घोडी नवरदेवाला पाठीवर घेऊन बँडमागे पाऊल पाऊल चालते. डॉक्टरांची बदली झाली. बाबुलालने आपली घोडी दुसऱ्याला विचारून फळवली. पूनमसिंगांकडे त्यानंतर कोणी घोडं आणलं नाही. सकाळी ओट्यावर बसून ते रस्त्याकडे पाहत. २०२१ मध्ये गेले.

तेराव्याला भरल्या बैठकीत बिजलीबाई उभ्या राहिल्या.

"त्यायनं नव्हतं सांगतलं. घोडीले थे खाद्य म्या माह्या मनानं टाकलं होतं."

सगळ्यांनी ऐकलं. शेजारच्या सुखीबाईंनी त्यांना जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, खाली बसवलं. मग बाहेर येऊन बायकांना म्हणाल्या,

"पाहा न वो माय. मेल्यावरही नवऱ्याची लाज झाकून राह्यली बिचारी."