दरवाजाजवळची जागा

बायको, सुनंदा, वारल्याचं बळीरामला कळलं तेव्हा तो तळोज्याला कारखान्यात दुपारच्या पाळीवर होता. आत मोबाइल न्यायला बंदी, म्हणून गेटवरच्या वॉचमननं आत येऊन निरोप दिला. तो नेऱ्याला घरी पोचेपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं.

संध्याकाळी त्यानं स्वतः एकेकाला फोन लावून कळवलं. उरणची मेव्हणी, पेणचा मामा, कामावरची माणसं. घरात मोबाइल एकच, तोही कायम त्याच्या खिशात. शेजारच्या ठमाबाईनं हळूच विचारलं, "दिपाला? लेकीला तरी?"

"तिला कुणी कळवायचं नाय," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "त्या पोराचा हात धरून गेली, त्या दिवशीच आमाला मेली ती."

त्या गोष्टीला सात वर्षं झाली होती. 

दोन महिन्यांनी, जानेवारीत, बायकांच्या बचत गटाची सहल निघाली. दर वर्षी तीच. राणीची बाग, मग चौपाटी, मग घर. सुनंदानं सहा वर्षांत एकदाही ती चुकवली नव्हती. सहलीहून आली की महिनाभर घरात वाघ नि माकडांच्याच गोष्टी चालायच्या. एकदा तो म्हणाला होता, "पुढच्या वर्षी मी पण येतो." ती म्हणाली, "बायकांत तुमी काय करणार?" आणि ते तसंच राहून गेलं.

आता त्याला एवढंच करायचं होतं. ती ज्या दिवसाबद्दल वर्षभर बोलायची, तो दिवस एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचा.

"भावोजी, कंटाळाल तुमी," ठमाबाई म्हणाली. गटाची प्रमुख तीच.

"तिची जागा रिकामी जाईल ना," बळीराम म्हणाला. ठमाबाईनं यादीत त्याचं नाव घातलं.

गाडीत सुनंदाची जागा पहिलीच, दरवाजाजवळची. ठमाबाईनं त्याला मागं चांगली खिडकी देऊ केली, पण तो तिथंच बसला. मांडीवर सुनंदाची फुलाफुलांची कापडी पिशवी. तीत तांदळाच्या सहा भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी. भाकऱ्या त्यानं स्वतः थापल्या होत्या, एकही गोल नव्हती. ती सहाच न्यायची. "एकटीला सहा?" तो चिडवायचा. "वाटून खातो आमी," ती म्हणायची.

खारघरच्या पुलाशी निकेश ड्रायव्हरनं गाडी हळू केली. कडेला तोंडाला ओढणी बांधलेली एक बाई लहान पोरीला घेऊन उभी होती. तिनं हात केला.

"निकेश, चल, चल! उशीर झालाय," ठमाबाई मागून ओरडली.

गाडी पुढं निघाली. "बिचारीला वाटलं, एसटी हाय," बळीराम म्हणाला. कुणी हसलं नाही.

राणीच्या बागेत तो बायकांच्या मागं मागं हिंडला. वाघ पाय पसरून झोपला होता. सुनंदा म्हणायची, "अगदी तुमी. रातपाळी करून आल्यासारखा." बळीराम पिंजऱ्यासमोर उभा राहून एकटाच हसला. मग बराच वेळ त्याला तिथून हलवेना. ती इथंच उभी राहिली असेल. पदर डोक्यावर घेऊन, हसत.

पेंग्विन बघायला गेले तेव्हा तो जरा गोंधळला. पक्षी काचेपलीकडं, थंडगार खोलीत होते.

"ती तर म्हणायची, उन्हात रांगेनं उभे असतात. लग्नाच्या वऱ्हाडासारखे."

"मग तवा उन्हात ठेवले असतील," ठमाबाई घाईनं म्हणाली. "चला, जेवून घेऊ."

झाडाखाली डबे उघडले. बळीरामनं सगळ्यांना भाकरीचा तुकडा तुकडा दिला. "तिच्या हातची चव नाय याला. तुमी तर दर वर्षी खाल्लीय."

"आमी कदी—" गटातली प्रमिला म्हणाली.

"खाल्लीय की गं," ठमाबाई म्हणाली आणि तिच्या पेल्यात पाणी ओतू लागली. पेला भरून पाणी खाली सांडलं.

परतताना बायका दमून झोपल्या. ठमाबाईचीही मान कलली होती. ऊन उतरलं होतं. बळीरामला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटत होतं. उरलेली एक भाकरी पिशवीत होती. सुनंदाचा दिवस त्यानं बघितला होता, तिच्याच जागेवर बसून.

खारघरला गाडी थांबली. निकेशनं दरवाजा उघडला आणि मग कपाळाला हात लावला.

"सवयीनं थांबलो, काका," तो म्हणाला. "काकी दर वर्षी इथंच..."

पायरीवर एक पाच-सहा वर्षांची पोर चढली. सकाळचीच. तिच्या हातात चित्राचा कागद होता. काळे-पांढरे पेंग्विन रांगेनं उभे, आणि वर भला मोठा पिवळा सूर्य.

"आजी, सकाळी गाडी थांबलीच नाही, तू उतरलीच नाहीस! आम्ही किती वेळ..." तिनं बळीरामकडं बघितलं आणि ती एक पायरी मागं सरकली. मग तिचं लक्ष त्याच्या मांडीवर गेलं. "मम्मी, पिशवी आजीचीच आहे."

मागच्या बाईनं तोंडावरची ओढणी सोडली.

बळीराम उठला, पण त्याला पायरी उतरता येईना.

"बाबा," दिपा म्हणाली, "आई कुठंय?"

सगळ्यांना त्यानं स्वतः कळवलं होतं. लेकीला कळवायचं राहिलं होतं.