आंब्याखालचा रोजा

चोपन्न साली रमजान ऐन वैशाखात आला. आलापल्लीच्या जंगलात साग चिरायला जोडी होती ती गोंड मंगरू आणि बुऱ्हानभाईची. मंगरू ओंडक्यावर उभा राहून आरा, म्हणजे लांब करवत, ओढायचा, बुऱ्हानभाई खालून. दिवसभर घामाने निथळायचं आणि पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, याचा बुऱ्हानभाईला भारी अभिमान.

"घरात नसलं तं उपाशी कोनीबी राह्यते, मंगरू," तो म्हणायचा. "समोर असून तोंडात नाई घालाचं, त्याले म्हनते रोजा. थे तुमच्यानं नाई होत."

मंगरू नुसता हसायचा आणि आरा ओढायचा.

त्या दिवशी सूर्य बुडाला तसा बुऱ्हानभाईने पाण्याच्या घोटाने रोजा सोडला. मंगरूच्या घराजवळच्या ज्या आंब्याखाली दोघं बसले होते, तिथलाच गळलेला पिकला आंबा उचलून चोखला. रोजा सोडताना एकट्याने खाऊ नये, म्हणून दुसरा मंगरूपुढे धरला.

मंगरूने हात मागे घेतला. "आमचा पंडुम, नव्या फळाची पूजा, नाई झाला अजून. देवाले देल्याबिगर नवा आंबा आमच्यात कोनी खात नाई."

बुऱ्हानभाईने आजूबाजूला पाहिलं. झाडाखाली आंब्यांचा सडा पडला होता. मंगरूची पोरं रोज दुपारभर याच सावलीत खेळायची. एकाही आंब्याला दात लागलेला नव्हता.

"मंग तुमचा रोजा सुटते तरी कवा?" त्याने हळूच विचारलं.

"सूर्य बुडला म्हनून नाई सुटत, भाऊ," मंगरू म्हणाला. "सारा गाव जमला का मंगच."